निसवलेल्या केळीची पानं कापायला टीम लावली होती, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ३)

आधीच सांगते, टीमचं नाव लिहिणार नाही. पोरं मेहनती आहेत, दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकलंसुद्धा, आणि आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात आता अशा टीम गावोगावी झाल्यात, त्यामुळे एकालाच धरून बोलण्यात अर्थ नाही. पण ज्यांची बाग पुढच्या महिन्या-दोन महिन्यात निसवणार आहे, म्हणजे झाडातून घड बाहेर पडणार आहेत, त्यांनी हे वाचून मग फोन करा, एवढंच.

सर्व्हिस काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घड निसवायला लागला की ही टीम आठवड्यातून एकदा बागेत येते, घडाला घासणारी पानं कापते, सगळ्या फण्या उघडल्या की केळफूल मोडते, खालच्या एक-दोन बारक्या फण्या काढून टाकते, केळ्यांच्या टोकाची फुलं वेचते, फवारा मारते, स्कर्टिंग बॅग म्हणजे घडावर पिशवी घालते आणि त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन बांधते म्हणजे कुठला घड कधीचा ते काढणीच्या वेळी कळतं. हे सगळं पॅकेजमधे. आमच्याकडून झाडामागे ८ रुपये मजुरी घेतली, बॅगा, रिबिनी आणि औषध आपलं. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर घोड्यावर म्हणजे शिडीवर चढून बॅग घालणारा मिळत नाही, त्या मानाने रेट ठीकच म्हणायचा.

आमची मृगबाग म्हणजे मृगात लावलेली, जी-नाईन जात, टिश्यूकल्चरची रोपं, सहा बाय पाच फुटांवर, दोन एकराला थोडं कमी म्हणजे २८००च्या आसपास झाडं. मिस्टर भुसावळला नोकरीला, त्यामुळे बाग मी आणि सासरे बघतो. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणतं. नानांनी चाळीस वर्षं केळी केली, आधी बसराई, मग श्रीमंती, आता ही जी-नाईन, पण त्यांच्या काळात घडाला पिशवी घालायची म्हणजे लोक हसले असते. सावद्याहून वॅगन भरायच्या, दिल्लीला जायच्या, संपला विषय. एक्सपोर्टच्या बॉक्समधे केळी बसवायची म्हटली की सालीवर एक ओरखडा चालत नाही, तिथून हे सगळं सुरू झालं, आणि टीम लावायची हा हट्ट माझाच होता हे पण कबूल करते.

फेब्रुवारीच्या शेवटी निसवण सुरू झाली. टीमचा पहिला दिवस. टेम्पोतून सात पोरं उतरली, दोन घोडे, बांबूला बांधलेले विळे, बॅगांचे गठ्ठे. मी खूष. मुकादमाने आल्याआल्या बागेत एक चक्कर मारली आणि म्हणाला, काकू तुमची बाग लय दाट झालीय, जरा मोकळी करतो, बघा कशी चकाचक दिसते. मला वाटलं घासणारी पानं काढतील, वाळलेली काढतील, ते तर काढायलाच पाहिजे. मी चहा ठेवायला घरी गेले. परत आले तर पहिल्या आठ-दहा ओळींमधे जमिनीवर हिरव्या पानांचा गालिचा. वाळलेली नाही हो, हिरवीगार, हात लावला तर करकर वाजणारी. झाडाकडे वर बघितलं तर पाच पानं, काहींवर सहा. आणि खरं सांगू का, मला त्या क्षणी ते छानच वाटलं. उजेड आला होता, घड सगळे दिसत होते, फोटो काढला आणि स्टेटसला पण टाकला, आता तो फोटो बघवत नाही.

नाना आले संध्याकाळी. काठी टेकत पहिल्या ओळीत उभे राहिले, एक पान उचललं, बोटाने दाबून बघितलं आणि मुकादमाला म्हणाले, "काय रे पोऱ्हा, केयी कापू राह्यला का ऊस?" तो हसला. नाना नाही हसले. "उन्हायात या घडाले सावली कोन देईन मंग? तू उभा राहशीन छत्री धरून?"

मुकादमाने मोबाईलवरून टीम चालवणाऱ्या भाऊला फोन लावला, भाऊने स्पीकरवर सांगितलं की एक्सपोर्टच्या बागा अशाच ठेवतात, हवा खेळती राहते, करपा येत नाही, वादळात झाड पडत नाही, घडाला ऊन मिळतं आणि बॅग घालायला सोपं जातं. पाच कारणं, एका दमात. नानांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, विहिरीकडच्या माझ्या दोन ओळींना हात लावायचा नाही, कोयता नाही न पिशवी नाही. तेव्हा मला राग आला होता, पण त्या दोन ओळी राहिल्या म्हणून आज हा रिव्ह्यू लिहिता येतोय, नाहीतर तुलना कशाशी केली असती.

आता ती पाच कारणं एकेक करून बघते कारण बहुतेक टीम हेच सांगतात.

हवा आणि करपा, ही दोन कारणं एकच. करपा म्हणजे सिगाटोका, पानावर आधी बारीक पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके, मग पान कडेने जळत जातं. तो खरा रोग आहे आणि त्याला पान काढणं हा खरा उपाय आहे, पण कधी? पावसाळ्यात, दमट हवेत, पान रात्रभर ओलं राहतं तेव्हा. मार्चमधे आमच्याकडे दुपारी उपरणं वाळत घातलं तर अर्ध्या तासात कडक होतं, तिथे करपा कुठून पसरणार? आमच्या त्या कापलेल्या पानांवर मी ठिपके शोधले, मिळालेच नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे पावसाळ्याचं औषध उन्हाळ्यात पाजलं. आणि पावसाळ्यात सुद्धा जेवढा भाग लागलाय तेवढाच काढतात, टोकाकडचं वीतभर जळलं असेल तर तेवढंच कापायचं, बाकीचं हिरवं पान झाडावर राहू द्यायचं, अर्ध्याहून जास्त गेलं तरच अख्खं काढायचं, आणि काढलेलं रोगट पान बागेत टाकायचं नाही, बाहेर न्यायचं. आमच्याकडे सगळं तिथेच पडलं होतं, नशीब निरोगी होतं म्हणून आच्छादन तरी झालं.

वादळ. इथे त्यांचं थोडं खरं आहे. मे-जूनमधे रावेर, मुक्ताईनगरकडे वादळाने बागा झोपल्याचे फोटो दर एक-दोन वर्षांनी येतातच, आणि पान म्हणजे शीड, वारा धरतं. पण केळीचं पान वाऱ्याने स्वतःच चिरतं, चिंध्या होतात, वारा त्यातून निघून जातो, आणि चिरलेलं पान पण काम करत राहतं. वादळासाठी झाडाला बेल्ट बांधा, बांधावर शेवरी नाहीतर गजराज गवत लावा, त्यासाठी पान कशाला कापायचं.

घडाला ऊन. हे ऐकून तर मला आता हसू येतं. घड ऊन खात नाही. अन्न पान तयार करतं आणि घड ते ओढून घेतो, केळं अंधारात लटकलं तरी भरतं. बघा ना, आधी घडाला ऊन लागावं म्हणून पानं कापायची आणि मग घडाला ऊन लागू नये म्हणून पिशवी घालायची, दोन्हीचे मिळून ८ रुपये.

हा ऊन-उजेडाचा मुद्दा कुठून आला ते मला नंतर कळलं, थोडं विषयांतर आहे पण सांगते. पुतण्या पुण्याला शिकतो, त्याला म्हटलं बघ रे नेटवर, फुलोऱ्यात पानं कापावी का काय म्हणतात. त्याने इंग्रजीत शोधलं आणि तासाभराने फोन, काकू सगळं गांजाचंच येतंय. मी कपाळाला हात लावला. कॅनडासारख्या देशात २०१८ पासून ते कायदेशीर आहे, तिथे लोक घरात दिव्याखाली ती झाडं लावतात आणि फुलोऱ्यात पानं छाटावी की नाही यावर तावातावाने भांडतात. एक पार्टी म्हणते मोठी पंख्यासारखी पानं काढा, खालच्या कळ्यांना उजेड मिळतो, आत हवा खेळते, फुलांना बुरशी लागत नाही. दुसरी पार्टी म्हणते पान हेच झाडाचं कोठार, ते काढलं की झाडाला धक्का बसतो आणि फुलं बारीक राहतात. आणि मधले लोक म्हणतात फुलोरा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एकदा थोडी काढा, त्यानंतर पिवळी पडलेली सोडून हात लावू नका. आपल्याकडे तर विषयच नाही, १९८५च्या एनडीपीएस कायद्याने ते झाड लावणं हाच गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पोलिसांनी शेतंच्या शेतं उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. (गंमत म्हणजे त्या कायद्यात सुद्धा गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही. पान आणि फूल वेगळं हे सरकारला पण माहितीये, आमच्या मुकादमालाच नाही.)

पण मुद्दा असा की त्या झाडाला फांद्या असतात, प्रत्येक फांदीवर फुलं, खालची सावलीत अडकतात, म्हणून तिथे उजेडाची भाषा निदान कळते तरी. केळीला कुठली फांदी? एक झाड, एक घड, तो पण खाली तोंड करून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी मला नानांनी त्या रात्री समजावली आणि जी मला वीस वर्षं केळीच्या घरात राहून नीट माहीत नव्हती. केळीचा कोंब कंदात असतो, तिथून एकामागे एक पान वर येतं, आणि एक दिवस तोच कोंब पान करायचं थांबतो आणि कमळ म्हणजे केळफूल तयार करायला लागतो. ते कमळ खोडाच्या पोटातून चढत चढत वर येतं. म्हणजे निसवण दिसली की समजायचं आता या झाडाला नवीन पान येणार नाही. एकही नाही. जेवढी आहेत तेवढ्यावर पुढचे तीन, थंडी असेल तर चार महिने घड भरायचा. टोमॅटोचं, वांग्याचं पान तोडलं तर दुसरं येतं, इथे जे कापलं ते कायमचं गेलं.

म्हणून निसवताना झाडावर निदान दहा-बारा चांगली पानं पाहिजेत, आठाच्या खाली तर जाऊच द्यायची नाहीत, आणि काढणीपर्यंत वरची चार-पाच तरी हिरवी टिकली पाहिजेत कारण खालची हळूहळू आपोआप वाळत जातातच. आमच्या झाडांना टीमने पहिल्याच दिवशी काढणीच्या वेळेच्या आकड्यावर आणून ठेवलं होतं. पाचवं कारण, बॅग घालायला सोपं, हे एकच काय ते शंभर टक्के खरं होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मी दुसऱ्या दिवशी हिरवी पानं कापणं थांबवलं, पण तोवर पहिल्या दिवसात साधारण ६०० झाडं झाली होती. बाकीच्यांना फक्त घासणारं पान आणि वाळलेलं, एवढंच. म्हणजे माझ्याकडे न ठरवता तीन प्रकारची झाडं तयार झाली, पाच पानांची बॅगवाली, नऊ-दहा पानांची बॅगवाली, आणि नानांची विहिरीकडची अकरा-बारा पानांची बिनबॅगची.

एप्रिलपर्यंत फरक कळला नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ला गेला तेव्हा कळला. बॅग घडाला झाकते पण घडाचा दांडा वर उघडाच असतो, आणि पाच पानांच्या झाडावर पश्चिमेचं तीनचं ऊन थेट दांड्यावर पडतं. तो आधी पिवळट झाला, मग तपकिरी, मग काळा, आणि १७-१८ घड दांड्यातून मोडून खाली आले, बॅगेसकट. एक मी हातात घेतला, बॅग उघडली तर फण्या वरून गरम लागत होत्या, वरच्या फणीची पाठ भाजलेल्या वांग्यासारखी. मग धावपळ, वाळकी पानं गोळा करून प्रत्येक दांड्यावर पगडीसारखी बांधली, नाना पूर्वी हेच करायचे, आणि टीमच्या पॅकेजमधे हे नाही. असायला पाहिजे. उन्हाळ्यात निसवणाऱ्या बागेला बॅगेपेक्षा दांड्यावरची पगडी आधी.

काढणी जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी प्रत्येक प्रकारातले एकाच रंगाच्या रिबिनीचे दहा-दहा घड वेगळे मोजले, नानांच्या ओळीत पण मी गुपचूप रिबिनी बांधल्या होत्या. काटा गड्याने धरला, वही मी धरली. पाच पानांचे घड सरासरी १९ किलोच्या आत-बाहेर, मधले साडेतेवीस, नानांचे २५ला टेकले. हे माझ्या बागेतले दहा-दहा घड, कुणी याला संशोधन समजू नका, जमीन पण विहिरीकडची जरा भारीच आहे. पण फरक डोळ्याला दिसत होता, पाच पानांच्या घडाची केळी बारीक, कोनदार, धार असलेली, पोट भरलेलं नाही.

आता नाना जिंकले असं वाटत असेल तर थांबा. पॅकहाऊसवाला माणूस आला, त्याने नानांचे २५ किलोचे घड बघितले आणि बाजूला काढले. का? पान घासून घासून सालीवर तपकिरी ओरखडे, फुलकिड्याचे डाग, धूळ, टोकाला वाळकी फुलं चिकटलेली. ते सगळे गेले लोकलला म्हणजे इथल्याच बाजाराला, वजनाचा पैसा मिळाला पण बॉक्सचा नाही. पाच पानांचे घड सालीने एकदम काचेसारखे, एक डाग नाही, पण जाडी मोजायचं माप लावलं तर अर्ध्या फण्या बसत नव्हत्या, तिथे पण लोकल. बॉक्समधे गेले ते मधले. घासणारं पान काढलेलं, बाकी सगळी ठेवलेली, बॅग घातलेली. नाना बांधावर बसून बघत होते, मला म्हणाले, "तुही पिशवी बी खरी न माही पानं बी खरी, चहा ठिव." हे नानांकडून मिळालं म्हणजे पुरस्कारच समजायचा.

आता टीमच्या कामाचं बाकीचं, कारण रिव्ह्यू पानांपुरताच नाही.

केळफूल मोडणं उत्तम. शेवटच्या फणीच्या खाली वीतभर दांडा सोडून हाताने झटक्यात मोडतात, चीक केळ्यावर सांडू देत नाहीत. हे दिसतं सोपं पण करून बघा, मी एकदा केलं आणि माझ्या नवीन कॉटनच्या साडीच्या पदरावर चिकाचे काळे डाग पडले ते आजपर्यंत गेले नाहीत, ती साडी आता बागेचीच झाली. बारक्या फण्या काढणं पण चांगलं, आठ-नऊ ठेवल्या, उगाच लालूच केली नाही. रिबिनीचा हिशोब चोख, दर आठवड्याला किती घड बांधले ते मुकादम व्हॉट्सअॅपवर टाकायचा, काढणीचा अंदाज त्यावरूनच आला. टोकाची फुलं वेचणारा एक पोरगा होता, सतरा-अठराचा, त्याचा हात असा काही चालायचा की फणीला धक्का न लावता फुलं ओंजळीत. त्याला एकट्याला पाच स्टार.

विळे मात्र बोथट. बोथट विळ्याने वरून खाली ओढून पान कापलं की देठ चिरत खाली येतो आणि खोडाची साल सोलून निघते, तिथे पाणी साचतं, सड लागते. विळा खालून वर मारायचा असतो, देठ टाच दिल्यासारखा तुटतो. पहिल्या दिवशी पन्नासेक झाडांची साल अशी लोंबत होती. आणि हत्यारं बुडवायची बादली! पॅकेजच्या फोटोत निळी बादली आहे, झाडानंतर झाड विळा औषधात बुडवून घेतात असं लिहिलंय. बादली होती, टेम्पोत, तिच्यात पोरांचे डबे ठेवलेले. मी विचारलं तर म्हणे काकू औषध आणायचं राहिलं. हरण्या रोग मावा किडीने पसरतो त्याला विळ्याचा संबंध नाही हे मला माहितीये, पण कंदाची सड आणि मर विळ्याने आणि चिखलाच्या बुटाने या बागेतून त्या बागेत जातात, आणि ही टीम सकाळी आमच्याकडे तर दुपारी दुसऱ्या गावात. बादली टेम्पोतून खाली उतरेपर्यंत चहा देऊ नका, माझा अनुभव आहे, लगेच उतरते.

वेळेचं बोलायचं तर सकाळी सातला येतो म्हणाले की नऊ धरा. लग्नसराईत एक आठवडा आलेच नाहीत, त्या आठवड्यातल्या घडांना बॅग उशिरा गेली आणि त्याच घडांवर फुलकिड्याचे डाग सगळ्यात जास्त निघाले. पैसे पूर्ण मागितले, मी त्या आठवड्याचे कापले, थोडी कुरकुर झाली, मिटलं.

आणि त्या हिरव्या पानांचं काय केलं? भर मार्चमधे एवढी केळीची पानं बघून जाऊबाई म्हणाल्या भरीत पार्टी करू. आता भरिताचा सीझन थंडीचा, बामणोदची वांगी तेव्हाची, मार्चमधे मिळाली ती बियाळ निघाली, तरी काड्यांवर भाजली, बडगीत ठेचली, कळण्याच्या पुऱ्या केल्या आणि चाळीस माणसं केळीच्या पानावर जेवली. टीमची पोरं पण जेवली. नाना पान पुढ्यात घेऊन बसले आणि म्हणाले हे लय महागाचं ताट आहे, सावकाश जेवा.

भाऊशी मी जूननंतर बोलले. वजनाची वही दाखवली, मोडलेल्या घडांचे फोटो दाखवले. वाद नाही घातला, म्हणाला काकू आम्हाला शिकवताना पावसाळ्यातल्या बागेत शिकवलं होतं, पोरांनी तेच पाठ केलं. पटलं मला. नुकसानीचे पैसे दिले नाहीत, पण पिलबागेची (त्याच झाडांच्या बुडाशी येणाऱ्या पिलांवर धरलेल्या दुसऱ्या पिकाची) पुढची निसवण आली तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या फुकट केल्या, म्हणून २ चे ३ स्टार झाले.

पिलबाग ऑगस्ट-सप्टेंबरला निसवली, तेव्हा करपा होता, पानं खरंच कापावी लागली. यावेळी मी कागदावर लिहून दिलं आणि मुकादमाच्या खिशात घातलं. घडाला टेकणारं पान काढायचं, पण आधी बाजूला वाकवून बघायचं, नुसतं देठ सरकवून भागत असेल तर कापायचं नाही. ठिपक्याचं पान जेवढं जळलं तेवढंच. अर्ध्याहून जास्त हिरवं आहे ते पान मोजायचं, आणि मोजून आठच्या खाली जायचं असेल तर मला हाक मारायची. विळा खालून वर. बादली खाली.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला ड्रिपची नळी बघत होते. तिकडून तो फुलं वेचणारा पोरगा, आता त्याच्या हातात विळा दिलेला, घोड्यावर उभा राहून बोटाने वर बघत मोजत होता, सहा, सात, आठ, आणि मग मोठ्याने ओरडला, काकू, आठच आहेत आणि आठवं घासू राह्यलं, काय करू?

मी म्हटलं, नानांना विचार.